राइनच्या खोऱ्यातले किल्ले: आधी काठ ठरवा, मग किल्ला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या शेवटी तीन पूर्ण दिवस हाताशी, सोबत सत्तरीला टेकलेले आई-बाबा आणि दहा वर्षांचा मुलगा, गाडी घ्यायची नाही, आणि जर्मनीतल्या राइन नदीच्या बिंगेन ते कोब्लेन्झ या पट्ट्यातल्या अकरा किल्ल्यांची यादी तयार आहे. अकरा बसतील का, मुक्काम कुठे करावा, आणि बोट घ्यावी की रेल्वे?

अकरा बसणार नाहीत. ओढूनताणून बसवलेच, तर अकरा तिकीटखिडक्या पाहून होतील. युनेस्कोने 2002 साली जागतिक वारसा म्हणून नोंदवलेला हा पट्टा जेमतेम 65 किलोमीटरचा आहे आणि त्यात चाळीसेक किल्ले आणि पडके अवशेष आहेत, त्यामुळे नकाशावर सगळेच हाकेच्या अंतरावर दिसते. फसगत होते ती इथेच. कोब्लेन्झ सोडले की वर मायन्झ-वीसबाडेनपर्यंत नदीवर एकही पूल नाही. समोरच्या काठावरचा किल्ला डोळ्यांना चारशे मीटरवर दिसतो, पण तिथे जायला आधी फेरीबोटीचा धक्का गाठायचा, पलीकडे उतरायचे आणि मग तासाला एक येणारी लोकल धरायची. दिवसातून दोनदा काठ बदलणारा बेत कागदावर छान दिसतो आणि दुपारी तीनला कोलमडतो. म्हणून एका दिवसाला एक काठ, आणि बदल करायचाच तर एकदाच.

आता यादीला कात्री. काट्झ आणि गुटेनफेल्स खासगी मालकीचे आहेत, आत सोडत नाहीत. माउसही बाहेरूनच पाहायचा. रूडेसहाइमजवळचा एरेनफेल्स द्राक्षमळ्यातल्या वाटेवरून किंवा बोटीवरून पाहण्यासाठीच आहे. शोनबुर्गमध्ये हॉटेल आहे आणि बाखाराखच्या श्टालेकमध्ये युवा वसतिगृह. दोन्हीकडे जेवढे बघू देतील तेवढे बघायचे, त्यासाठी दिवस राखून ठेवू नका. उरले पाच: मार्क्सबुर्ग, राइनफेल्स, फाल्झग्राफेनश्टाइन (थोडक्यात फाल्झ), राइनश्टाइन आणि श्टोल्झनफेल्स. यांतले चार नीट पाहा. एक कधीही न पाडलेला, एक सुरुंगाने उडवलेला, एक नदीच्या पात्रातला आणि एक एकोणिसाव्या शतकात नव्याने उभा केलेला. हे चार प्रकार कळले की बाकीचे पस्तीस बोटीच्या डेकवरून वाचता येतात.

मुक्कामासाठी बोपार्ड घ्या. ते डाव्या म्हणजे पश्चिम काठावर, पट्ट्याच्या साधारण मध्यावर आहे. रेल्वे स्टेशन, बोटीचा धक्का आणि समोरच्या फिल्झेनला जाणारी फेरीबोट, सगळे चालत जाण्याच्या टप्प्यात. बाखाराख दिसायला अधिक सुंदर, हे मान्य. पण तिथून मार्क्सबुर्ग लांब पडतो आणि संध्याकाळी लवकर सामसूम होते. खोली बघताना एक गोष्ट विचाराच: खिडकी रुळांच्या बाजूला आहे का? दोन्ही काठांवर लोहमार्ग नदीला चिकटून जातो आणि रात्रभर मालगाड्या धडधडत असतात. उजव्या काठावर तर जास्तच. ‘राइनचे दृश्य’ असलेली महागडी खोली बहुतेकदा रुळांचेही दृश्य असलेली असते.

फ्रँकफर्ट विमानतळावरून मायन्झ आणि तिथून डाव्या काठाच्या प्रादेशिक गाडीने बोपार्ड. तिघा मोठ्यांसाठी दर दिवशी ऱ्हाइनलांड-फाल्झ राज्याचे गटतिकीट घेणे सोयीचे, ते पाच जणांपर्यंत चालते. फक्त कामाच्या दिवशी ते सकाळी 9 नंतरच लागू होते, हे विसरू नका. फ्रँकफर्ट दुसऱ्या राज्यात येते, त्यामुळे विमानतळ ते मायन्झ हा टप्पा त्यात धरू नका. काठ बदलणाऱ्या फेरीबोटींवर हे तिकीट गृहीत धरायचे नाही. तिथे प्रत्येकी काही युरो, आणि सुटे रोख जवळ हवेत.

स्टेशनांच्या नावांवरून दोन गोंधळ नेहमी होतात. सांक्ट गोआर डाव्या काठावर आहे आणि सांक्ट गोआर्सहाउझेन उजव्या. मोबाइलवर पहिली चार अक्षरे टाकून पर्याय निवडला की माणूस चुकीच्या काठावर उतरतो. दुसरा बिंगेनचा. तिथे दोन स्टेशने आहेत. रूडेसहाइमची फेरी धरायची तर ‘बिंगेन श्टाट’ जवळ, ‘हाउप्टबानहोफ’ तिथून चांगलेच दूर. उजव्या काठाच्या लोहमार्गाचे मोठे नूतनीकरण 2026 साठी ठरलेले आहे. तुमचे वर्ष तेच असेल तर त्या बाजूला गाडीऐवजी बदली बस आहे का, हे निघण्याआधी बघा.

बोट की रेल्वे, तर दोन्ही. पण बोट फक्त एका टप्प्यापुरती. कोब्लेन्झ ते रूडेसहाइम हा अख्खा प्रवास प्रवाहाविरुद्ध सहा तासांच्या आसपास घेतो, प्रवाहाबरोबर चार. सहा तास डेकवर बसून चौथ्या किल्ल्यानंतर मुलगा कंटाळणार आणि आई-बाबा उन्हाने थकणार. सांक्ट गोआर ते बाखाराख हा टप्पा घ्या. लोरेलाईचा खडक, ओबरवेसेल गावाची तटबंदी, शोनबुर्ग, गुटेनफेल्स आणि पात्रातला फाल्झ, सगळे सव्वा-दीड तासात येते. वर जाणारी बोट संथ चालते, म्हणून पाहायला तीच बरी. परतीला रेल्वे.

फोटोंची आवड असेल तर साधा हिशोब: नदी इथे ढोबळमानाने उत्तरेकडे वाहते. सकाळचे ऊन डाव्या काठावरच्या किल्ल्यांवर पडते, दुपारचे उजव्या. फाल्झ आणि त्यामागचा गुटेनफेल्स एका चौकटीत हवे असतील तर दुपारनंतर डाव्या काठावरून. कुठे आहोत हे कळायला काठावरच्या मोठ्या आकड्यांच्या पाट्या बघत चला. कॉन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले ते किलोमीटर आहेत: काउब 546, लोरेलाई 554, सांक्ट गोआर 556, बोपार्ड 570, ब्राउबाख 580, कोब्लेन्झचा मोझेल नदीशी संगम 592. मुलाच्या हातात ही यादी द्या, गाईडचे काम तो करेल.

पहिला दिवस उजव्या काठाचा. सकाळी बोपार्डहून फिल्झेनला फेरीने, तिथून गाडीने ब्राउबाख. स्टेशनपासून मार्क्सबुर्ग वीस-पंचवीस मिनिटांची उभी चढण आहे. मोसमात गावातून वर छोटी पर्यटक-गाडी जाते, आई-बाबांना तीच बरी. आत फक्त मार्गदर्शकाबरोबरच जाता येते, फेरी साधारण पन्नास मिनिटांची. बहुतेक फेऱ्या जर्मनमध्ये असतात. इंग्रजी फेऱ्या दिवसातून मोजक्याच, म्हणून आधी वेळ बघून मग फेरीबोट ठरवा, उलटे नको. जर्मन फेरीतच शिरावे लागले तर छापील माहितीपत्रक मागून घ्या.

हा किल्ला लढाईत कधी पडला नाही, म्हणूनच पहिला. 1900 पासून तो जर्मन किल्ले संघटनेच्या ताब्यात आहे. ‘न पाडलेला’ म्हणजे न हात लावलेला नव्हे. विसाव्या शतकात त्याची बरीच डागडुजी झाली, आणि मार्च 1945 मध्ये समोरच्या काठावरून अमेरिकी तोफांनी त्याला चांगलेच तडाखे दिले. तरी स्वयंपाकघर, दारूचे तळघर, तोफांचा सज्जा, भिंतीबाहेर काढलेला शौचकूप हे सगळे एका जागी आणि मूळ क्रमाने बघायला मिळते ते इथेच. दरवाज्यानंतर कातळात कोरलेल्या रुंद, उतरत्या पायऱ्या आहेत, घोड्यावरून चढता यावे म्हणून केलेल्या. त्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी संपूर्ण दौऱ्यातली सगळ्यात अवघड जागा ही, आणि लिफ्ट कुठेही नाही. ही जागा जमली तर बाकीचेही जमेल.

दुपारी परतताना काम्प-बोर्नहोफेनला उतरून वर श्टेरेनबेर्ग आणि लीबेनश्टाइन दिसतात. भांडलेल्या दोन भावांची कथा तिथे हमखास सांगतात, आणि मधली भिंत ‘भांडणाची भिंत’ म्हणून दाखवतात. भिंत खरी आहे, पण ती डोंगराच्या बाजूने येणाऱ्या हल्ल्याला तोंड द्यायला उभारलेली संरक्षक भिंत आहे.

दुसरा दिवस राइनफेल्स आणि बोट. सांक्ट गोआर स्टेशनपासून वर पंधरा-वीस मिनिटे. उघडताच आत जा, कारण नीट पाहायला अडीच तास लागतात. 1245 साली काट्झेनएल्नबोगेनच्या काउंट डीटर पाचव्याने तो जकातीसाठी बांधला. दहा वर्षांत जकात इतकी वाढली की राइनकाठच्या शहरांनी एकत्र येऊन वेढा घातला, तरी तो पडला नाही. 1692 मध्ये फ्रेंचांच्या मोठ्या सैन्यालाही त्याने परतवले. आजूबाजूचे किल्ले तीन वर्षे आधीच, 1689 मध्ये, फ्रेंचांनी उडवून दिले होते. शेवटी 1794 मध्ये तो न लढताच हाती गेला आणि 1796-97 मध्ये सुरुंग लावून फोडला. नंतर त्याचा दगड कोब्लेन्झच्या एरेनब्राइटश्टाइन किल्ल्याच्या बांधकामासाठी नेला. 1843 मध्ये प्रशियाच्या राजपुत्राने तो विकत घेतल्यावर ही लूट थांबली. तुमच्या बेतात एरेनब्राइटश्टाइन असेल तर तिथल्या दगडांकडे त्या नजरेने बघा.

राइनफेल्सला विजेरी न्या. मोबाइलचा दिवा चालत नाही, कारण भुयारात एक हात जमिनीवर टेकावा लागतो. बाहेरच्या बाजूची ही भुयारे म्हणजे प्रतिसुरुंगांचे मार्ग. वेढा घालणारा तटाखाली सुरुंग खणत येतो, तर त्याच्याही खाली आधीच खणून ठेवलेल्या गल्लीत दारू भरून त्याला वर उडवायचे, अशी ती व्यवस्था. म्हणून त्या मुद्दाम अरुंद आणि कमी उंचीच्या आहेत. काही ठिकाणी रांगावे लागते. आत चिखल असतो आणि टोपी नसेल तर डोके आपटते. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये, आणि मुलाला एकट्याला पुढे सोडू नये, फाटे फुटतात. आई-बाबांसाठी वरचे संग्रहालय आणि मोठे तळघर पुरेसे आहे. साधारण 24 मीटर लांब, 16 रुंद आणि 16 उंच अशी एकाच कमानीची ती जागा, मध्ये एकही खांब नाही. 2029 मध्ये या खोऱ्यात फुलबागांचे राष्ट्रीय प्रदर्शन भरणार आहे आणि त्यासाठी बऱ्याच किल्ल्यांवर कामे सुरू आहेत. कुठला भाग कधी बंद असेल याचा नेम नाही, आदल्या दिवशी किल्ल्याच्या संकेतस्थळावर नजर टाका.

तिथून खाली उतरून दुपारची बोट, बाखाराखला उतरायचे, गावाच्या तटावरून फिरायचे, वेर्नरकापेले या गॉथिक अवशेषापर्यंत चढायचे आणि गाडीने परत.

तिसरा दिवस फाल्झचा, आणि इथे थोडी कसरत आहे. फाल्झ पात्रातल्या खडकावर आहे आणि तिथली छोटी बोट उजव्या काठावरच्या काउबहून सुटते. डाव्या काठावर काउबच्या फेरीचा धक्का हमरस्त्याला लागून आहे, तिथे ना गाव ना स्टेशन. बाखाराख स्टेशनवर उतरून नदीकाठच्या सायकल-वाटेने खाली तीनेक किलोमीटर सपाट चालावे लागते. आई-बाबांना ते नको असेल तर सांक्ट गोआरला फेरीने पलीकडे जा आणि गोआर्सहाउझेनहून उजव्या काठाच्या गाडीने काउब. सोमवार टाळा. आणि सकाळी ‘पेगेल काउब’ हा पाण्याचा आकडा बघा. पाणी फार चढले की बेटावरची बोट बंद होते; 6.40 मीटरला तर या भागातली जहाजवाहतूकच थांबवतात. उलट टोक म्हणजे ऑक्टोबर 2018, तेव्हा आकडा 25 सेंटिमीटरवर आला आणि लोक काठावरून चालत फाल्झला गेले. हा आकडा पाण्याची खोली नव्हे, मोजपट्टीवरचे वाचन आहे. प्रत्यक्ष खोली त्याहून जास्त असते, म्हणून पाण्यात उतरायचा मोह नको.

फाल्झ बांधला बव्हेरियाच्या लुडविगने, 1326-27 मध्ये, जकातीसाठीच. आधी मधला पंचकोनी बुरूज, मग दहाबारा वर्षांनी भोवतीचा षटकोनी तट. प्रवाहाकडचे टोक नावेच्या नाळेसारखे निमुळते आहे, कारण हिवाळ्यात वाहत येणारे बर्फाचे तुकडे तिथे आपटून दुभंगावेत. त्या टोकाशी उभे राहून खाली बघा, बाकी काही पाहिले नाही तरी चालेल. 1813-14 च्या वर्षअखेरच्या रात्री प्रशियाचा सेनापती ब्ल्यूशर याच्या फौजा नेपोलियनविरुद्ध याच जागी नदी ओलांडून गेल्या. आतले जिने अरुंद आणि अंधारे आहेत, मुलगा पुढे आणि मोठे मागे असे चढा.

दुपारी ओबरवेसेल. तटबंदीतले सोळा बुरूज अजून उभे आहेत आणि तटावरून काही भाग चालता येतो. नव्याने उभ्या केलेल्या किल्ल्यासाठी परतीच्या दिवसाची सकाळ ठेवा. परत फ्रँकफर्टकडे जाणार असाल तर राइनश्टाइन वाटेवर आहे, पण ट्रेख्टिंग्सहाउझेन स्टेशनपासून दोनेक किलोमीटर चालावे लागते आणि तिथे सामान ठेवायला लॉकर नाही. सामान असेल तर कोब्लेन्झ स्टेशनवर लॉकरमध्ये टाकून श्टोल्झनफेल्स बघा, बसने जाता येते. तिथल्या लाकडी जमिनी जपायला जोड्यांवर नमद्याच्या सपाता चढवायला लावतात, मुलांना तेवढीच घसरगुंडी.

आता किल्ला वाचायचा कसा, हे जरा सविस्तर, कारण खरी मजा त्यात आहे. सह्याद्रीत गड डोंगरमाथ्यावर असतो, म्हणून इथेही नजर आधी वर जाते. इथले किल्ले मात्र बहुधा उताराच्या मध्यावर, ओढा नदीला मिळतो त्या सोंडेवर आहेत. जकातीच्या नावा नजरेच्या आणि बाणाच्या टप्प्यात हव्या होत्या, आणि पठार नदीपासून दोनशे मीटर वर आहे. याचा तोटा असा की शत्रू मागून, वरच्या बाजूने येतो. म्हणून नदीकडे पाठ करून डोंगराकडच्या बाजूला जा. तिथे कातळात खणलेला खंदक आणि त्यामागे सगळ्यात जाड, सगळ्यात उंच, खिडकी नसलेली भिंत सापडेल. नदीकडची बाजू शोभेची असते, खरा किल्ला मागच्या बाजूला.

मुख्य बुरुजाला जमिनीलगत दार दिसले तर ते बहुतेक नंतर फोडलेले समजा. मूळ दार सहा ते दहा मीटर वर असायचे, लाकडी जिन्याने चढायचे आणि वेळ आली की जिना तोडायचा. वरच्या बाजूला बुजवलेली चौकट आणि तिच्याखाली तुळयांची चौकोनी भोके दिसली की खात्री पटते. ती तुळयांची भोके इतरत्रही शोधा. सरळ ओळीत असतील तर तिथे मजला होता किंवा भिंतीबाहेर लाकडी सज्जा होता.

जुने आणि नवे बांधकाम ओळखायचे तर चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दात, बघा. मूळ भिंतीत पाटीचा दगड ओबडधोबड, थर वाकडे, चुना जाड. सगळ्या चर्या एकसारख्या, वर सपाट छप्पर आणि नदीकडे मोठमोठ्या खिडक्या असतील, तर ते एकोणिसाव्या शतकातल्या राजपुत्रांचे काम. राइनश्टाइन 1825 पासून प्रशियाच्या राजपुत्र फ्रीडरिशने असाच उभारला आणि मग लाटच आली. त्याला बनावट म्हणून नाक मुरडू नका, त्या काळच्या हौसेचा तो अस्सल दस्तऐवज आहे. उघडा दगड हीदेखील बहुतेक नंतरचीच गोष्ट. मूळ किल्ले गिलावा करून रंगवलेले असत. फाल्झचा पांढरा-तांबडा रंग भडक वाटतो, पण खऱ्याच्या जवळ तोच आहे. फ्युर्स्टेनबेर्गच्या पडक्या बुरुजावर जुन्या गिलाव्याचे तुकडे अजून टिकून आहेत.

शेवटचा प्रवेश बहुतेक ठिकाणी बंद व्हायच्या तासभर आधी थांबतो, म्हणून पाचला बंद म्हणजे तुमच्यासाठी चारला बंद. पाटीचा दगड ओला झाला की भयंकर निसरडा होतो. पावसानंतर मळ्यांतल्या पायवाटा सोडून डांबरी रस्त्याने चढा, आणि बूट खाचा असलेल्या तळव्याचे. बाबागाडी कुठेच चालत नाही. लहान स्टेशनांवर माणूस नसतो, तिकीट यंत्रातून. रविवारी दुकाने बंद, खाण्याचे शनिवारीच घेऊन ठेवा.

एल्ट्झ किल्ला यादीत नाही, पण कुणीतरी सुचवेलच. तो राइनवर नसून मोझेलजवळच्या दरीत आहे. मोझेलकेर्न स्टेशनपासून ओढ्याच्या कडेने सव्वा ते दीड तास चालावे लागते. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. यातल्या एखाद्याच्या बदल्यात तो घ्यायचा असेल तर श्टोल्झनफेल्स गाळा, मार्क्सबुर्ग नको.

तिन्हीपैकी एक दिवस मुसळधार पावसात गेला तर बोपार्ड सोडू नका. नदीकाठच्या जकात-किल्ल्यातच गावाचे संग्रहालय आहे, वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांसह, कारण त्या खुर्च्यांचा कर्ता मिखाएल टोनेट 1796 साली याच गावात जन्मला. दोन गल्ल्या मागे चौथ्या शतकातल्या रोमन छावणीचा तट आठ-नऊ मीटर उंचीपर्यंत उभा आहे. छत्री घेऊन अर्ध्या तासात फिरता येते.